मज्जा दिल्यावर देणाऱ्याची हाडं पोकळ होतात का?

ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या भावाला तुम्ही मज्जा (हाडाच्या आतला, रक्त तयार करणारा मऊ गर) देणार आहात. त्याच्याशी तुमची एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळली, हे आधी नशीब समजा. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळायची शक्यता 25 टक्केच असते. आता गुहागरचे घरचे 'पोरीची हाडं पोकळ होतील' म्हणून अडवतायत, त्याबद्दल. होत नाहीत. मी चिपळूणला लॅबमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मज्जेतली मूळ पेशी (स्टेम सेल) दुभंगते तेव्हा सगळीच्या सगळी खर्ची पडत नाही. काही पेशी पुन्हा मूळ पेशीच राहतात, बाकीच्या तांबड्या, पांढऱ्या पेशी नाहीतर प्लेटलेट व्हायच्या वाटेला लागतात. आपल्याकडे भात झोडल्यावर बियाणं बाजूला काढतात, तसंच. बहुतेक मूळ पेशी तर एरवी निजलेल्याच असतात, रोजची राबणूक त्यांच्यापासून झालेल्या पेशी करतात. आणि राबणूक केवढी! तांबडी पेशी जगते सुमारे 120 दिवस, प्लेटलेट आठ-दहा दिवस. त्यामुळे सेकंदाला साधारण 20 लाख तांबड्या पेशी नव्या लागतात.

बाळंतपणात बरंच रक्त गेलेल्या बाईच्या रक्ताची काच आठवड्याभराने सूक्ष्मदर्शकाखाली धरली की नेहमीच्या पेशींत थोड्या मोठ्या, निळसर झाक असलेल्या कोवळ्या पेशी दिसतात. मूत्रपिंडाने एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक) सोडलं आणि मज्जा कामाला लागली, हे तिथेच कळतं. अर्थात अंगात पुरेसं लोह असेल तरच मज्जेला हे जमतं.

1961 साली कॅनडात टोरांटोला टिल आणि मॅककलॉक या शास्त्रज्ञांनी किरणांनी मज्जा मारलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली. त्यांच्या प्लीहेवर (पोटातल्या पानथरीवर) गाठी उठल्या. पुढे सिद्ध झालं की एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढलेली होती. एकेका पेशीतून एवढं वाढतं, तेव्हा भावाला तुमच्यातला थोडासाच वाटा पुरतो.

पाठीच्या कण्याला कुणी हात लावत नाही, त्यामुळे अर्धांगाची भीती काढून टाका. मज्जा कमरेमागच्या हाडातून, भूल देऊन काढतात, आणि काढलेली काही आठवड्यांत भरून येते. हल्ली तर बहुतेकदा चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मूळ पेशी रक्तात उतरवतात आणि हाताच्या शिरेतून मशीनवर वेगळ्या करतात. त्या दिवसांत हाडं ठणकतात, ते मात्र खरं. इंजेक्शनं थांबली की ठणकाही जातो.

हाडातूनच काढायचं ठरलं तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आधी बघून घ्या, कारण सोबत रक्तही जातं. आईंना डॉक्टरांकडे घेऊनच जा, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू देत.