घरी बनवलेल्या जीपचं गोव्यात पासिंग होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिचोलीच्या घरी १९९६ ची महिंद्रा एमएम ५४० जीप बंद पडून आहे. चासी (गाडीचा खालचा सांगाडा) कापून लांब करायची, तिच्यावर स्वतः वेल्डिंग केलेली बॉडी बसवायची, स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन घालायचं आणि रीतसर पासिंग करून घ्यायचं. त्यासाठी अर्ज कुठे करायचा?

तुम्ही लिहिलीय तशी गाडी पास होणार नाही. डिचोलीत नाही, म्हापशात नाही, पणजीतही नाही. फोंड्याकडे माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. असं काम घेऊन येणाऱ्याला मी हे आधीच सांगतो, कारण चासीला ग्राइंडर लागल्यावर सांगून काही उपयोग नसतो. पण तुमच्या मनात जे आहे त्यातला काही भाग कायद्यात बसतो.

आधी अडचण कुठे आहे ते बघा. आपल्याकडे मंजुरी मिळते ती मॉडेलला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे कंपनीला नव्या मॉडेलचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट, अहिल्यानगरची (पूर्वीचं अहमदनगर) व्हीआरडीई या त्यातल्या काही संस्था. तिथे ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सीटबेल्ट कुठे नि कसा धरलाय, सगळं तपासलं जातं. मॉडेल पास झालं की त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीबरोबर विक्रीचा फॉर्म २१ आणि गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा फॉर्म २२ येतो. नोंदणी होते ती या कागदांवर. इन्स्पेक्टर चासी नंबरची पेन्सिल प्रिंट घेतो, गाडी कागदाशी जुळते का ते बघतो. तुमच्या गाडीचा फॉर्म २२ द्यायला कोणी कंपनीच नाही.

मग स्वतःच कंपनी होऊन एआरएआयकडे गेलो तर? कारच्या नव्या मॉडेलला आता समोरून धडकेची चाचणी ताशी ५६ किलोमीटर वेगानं द्यावी लागते, बाजूच्या धडकेची ५० नं. त्यात गाडी मोडते. हजारो गाड्या विकणाऱ्याला हे परवडतं. एकच गाडी बनवणाऱ्यानं ती चाचणीला दिली तर पास झाल्यावर चालवायला काही उरत नाही.

ब्रिटनमध्ये एकेका गाडीला मंजुरी देण्याची वेगळी पद्धत आहे. घरी बनवलेली किंवा किटमधून जोडलेली गाडी तपासणी केंद्रात न्यायची, तिथला निरीक्षक ब्रेक, आरसे, दिवे, धूर, अंगाला लागतील अशा धारदार कडा हे सगळं बघतो आणि पास झाली तर तिला नंबर मिळतो. आपल्याकडेही असा मार्ग असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली होती. खर्च साठ हजारांच्या आसपास. आनंद महिंद्रांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं, पण ट्विटरवर हेही लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती थांबवतील, तेव्हा तिच्या बदल्यात आपण बोलेरो देऊ. पुढच्या महिन्यात त्या कुटुंबाला बोलेरो मिळालीसुद्धा. एवढ्या कसबी माणसाच्या गाडीसाठी आपल्याकडे तपासणीचा एक तक्तासुद्धा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तपासा, कमी पडली तर नापास करा, पण तपासा तरी.

असो. आज कायदा आहे तो असा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं आणि बदलाला मोकळीक देणारा केरळ उच्च न्यायालयाचा अर्थ नाकारला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे नीट लक्षात ठेवा.

म्हणून काम सुरू करण्याआधी आरसी समोर घेऊन ओळ न् ओळ वाचा. मॉडेल, बॉडीचा प्रकार, सीट किती, इंधन, सीसी, सिलिंडर, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), रिकाम्या गाडीचं वजन, रंग, चासी नंबर, इंजिन नंबर. तुमचा एकेक बदल यातल्या कुठल्या ओळीला धक्का लावतो ते बघा. चासी लांब केली की व्हीलबेस आणि वजन गेलं. वेगळी बॉडी आली की बॉडीचा प्रकार आणि बहुधा सीटही. एमहॉक आलं की सीसी गेली. आता यातलं एकही पासिंगला चालणार नाही. रंगाचं तसं नाही, अर्ज करून तो आरसीवर बदलून मिळतो.

इंजिनाचं नीट सांगतो, कारण खरी वाट इथेच आहे. जुनं इंजिन गेलं असेल तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवता येतं. आधी आपल्या भागाच्या वाहतूक कार्यालयात लेखी अर्ज करा आणि परवानगी हातात येईपर्यंत जुनं इंजिन उतरवू नका. नव्या इंजिनाचं पक्कं बिल घ्या. सेकंडहँड असेल तर ते चोरीच्या गाडीचं नाही याची खात्री कागदावर करून घ्या. बदल झाला की तो आरसीवर चढवायला चौदा दिवसांची मुदत आहे. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती लागते.

दुसरी वाट इंधनाची. सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर गाडी नेणं कलम ५२ मध्येच मान्य आहे, पण किट मंजूर हवं, ते तुमच्या गाडीला लागू हवं आणि बसवणारा त्या किट कंपनीनं नेमलेला हवा. विजेच्या किटसाठी एआयएस १२३ हे मानक आहे. मोटर, बॅटरी आणून गॅरेजमध्ये स्वतः जोडलेली गाडी यात बसत नाही, काम कितीही सुबक असो. अपंग व्यक्तीसाठी गाडी बदलून घ्यायची असेल तर कायद्यात वेगळी सोय आहे; तुमच्या घरी तशी गरज असेल तर ती जरूर वापरा.

तुमची गाडी १९९६ ची आहे, म्हणजे नोंदणीची पहिली पंधरा वर्षं २०११ लाच संपली. नंतर पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण झालंय का, हे बघितल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. झालं नसेल तर नूतनीकरणाचा फॉर्म २५, थकलेला कर आणि गाडी प्रत्यक्ष दाखवणं, हे आधी. ज्या बंद जीपवर चार महिने पावसाचं पाणी गळलंय, तिच्या चासीवरचा नंबर गंजून वाचता येत नाही, असं आपल्याकडे फार दिसतं. नंबर पुसट असेल तर कार्यालयाला लेखी कळवून त्यांच्या परवानगीनंच पुन्हा पंच करून घ्या. गॅरेजवाल्याच्या हातून पंच मारलात तर सरळ फौजदारी गुन्हा ओढवून घ्याल.

आता एजंट. 'जुन्या जीपची आरसी द्या, खाली काय बनवायचं ते बनवा, पासिंग मी बघतो,' असं सांगणारा तुम्हाला भेटेलच. त्याला पैसे देऊ नका. चेकनाक्यावर गाडी अडवली तर दंड भरून सुटाल. पण चोर्ला घाटात किंवा अनमोडला तुमच्या वेल्डिंगचा जोड सुटला आणि समोरच्या स्कूटरवरचं कोणी गेलं, तर विमा कंपनी आधी आरसी आणि गाडी ताडून बघेल. गाडी वेगळी निघाली की तुमच्या नुकसानीचा क्लेम गेला, आणि त्या कुटुंबाला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करायचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं. घर विकावं लागेल एवढी रक्कम असते ती. आणि गेलेला माणूस कशानंच परत येत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर दोन कामं वेगळी ठेवली असती. जीप कंपनीच्या मूळ रूपात उभी करायची: तेच इंजिन, तीच बॉडी, नवे ब्रेक, नवी वायरिंग, आणि नूतनीकरण करून रस्त्यावर. कापायची, जोडायची हौस वेगळ्या गाडीवर भागवायची. फक्त बंदिस्त आवारात वापरायला खास बनवलेलं वाहन कायद्याच्या व्याख्येतच मोटार वाहन धरत नाहीत, त्यामुळे कुंपण घातलेल्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) तुमची बग्गी फिरायला हरकत नाही. फाटकाबाहेर न्यायची तर ट्रकवर चढवून. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतल्या माणसाला वाचवणारा पाईपचा पिंजरा, कसा बांधायचा, जोड कुठे द्यायचा नाही, हे शिकायला बाहा एसएईइंडिया या विद्यार्थी स्पर्धेचे नियम वाचा. मुलं तिथे स्वतः बनवलेल्या बग्ग्या घेऊन पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रावर उतरतात, आणि आधी कडक तांत्रिक तपासणी होते. पाईपचा व्यास, भिंतीची जाडी, वेल्डची चाचणी सगळं त्यात लिहिलेलं आहे.

आरसीचा फोटो, चासी नंबर आणि तुमचं नाव झाकून, इथे टाकलात तर कुठली ओळ कुठे अडेल ते मी नेमकं सांगू शकेन.