ऑटिझम असलेल्या मुलाच्या पालकांनी स्वतःचा ताण कसा कमी करावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सहा वर्षांचा आहे, रात्री दोन-तीनदा उठतो, तुम्ही दोघं सतत एकमेकांवर खेकसता आणि ध्यान करूनही फरक पडत नाही. पडणारही नाही. झोपच पुरी होत नसेल तर ध्यानाला बसलेला माणूस फार तर पेंगतो.

आधी रात्र वाटून घ्या. बहुतेक घरांत मूल उठलं की आईबाप दोघंही अर्धवट जागे राहतात, म्हणजे झोप कुणाचीच होत नाही. एका रात्री एकानेच उठायचं. दुसऱ्याने जमल्यास वेगळ्या खोलीत, दार लावून झोपायचं. मुलाची सकाळी उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा, झोपायच्या तासभर आधी स्क्रीन बंद करा. घोरणं, बद्धकोष्ठता, पित्त, दातदुखी, लोहाची कमतरता हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. दुखतंय हे सांगता न येणारं मूल उठून रडतं, आणि आपण ते 'ऑटिझममुळेच' म्हणून सोडून देतो. मेलाटोनिन (झोप येण्यासाठी दिलं जाणारं हार्मोन) स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

मग दिवसाचं. जास्तीत जास्त छळणारं एकच वागणं निवडा आणि दोन आठवडे वहीत तीन गोष्टी टिपा: त्याआधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. वेळही लिहा. चिडचिडीला ठरावीक वेळ किंवा आवाज सापडला की धास्ती बरीच उतरते, कारण खरा ताण 'आता कधी काय होईल' याचा असतो. पाच वागणुकी एकदम टिपायला घेतल्या की वही चौथ्या दिवशी बंद पडते.

मदतीला नातेवाईक असेल तर पहिल्याच दिवशी मूल सोपवून बाहेर पडू नका. तिथेच बहुतेकांचं फसतं: मूल बिथरतं, नातेवाईक घाबरतो, पुन्हा येत नाही. आधी दोन-तीनदा तुम्ही घरात असताना वीस मिनिटं, मग तुम्ही शेजारच्या खोलीत, मग बाहेर. मुलाला काय शांत करतं, काय बिथरवतं, हे एका कागदावर लिहून द्या.

मुलाच्या थेरपीचे तास वाढवून आपला अपराधीपणा कमी होत नाही, हे माझं स्पष्ट मत.

आणि स्वतःला मोजा. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची नऊ प्रश्नांची चाचणी आहे, गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटा. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा आहे. त्यात शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज न पाहता त्याच दिवशी जा. चाचणी दोघांनीही, वेगवेगळी भरा.