खपली धरायला वेळ लागतो

प्रश्न : नातं तुटून आठ महिने झाले. चार दिवस बरे जातात, मग ये रे माझ्या मागल्या. मैत्रीण म्हणते, स्वतःशी मायेने बोल. आरशासमोर उभं राहून ‘माझं स्वतःवर प्रेम आहे’ म्हटलं, तर ते खोटं वाटलं आणि जास्तच रडू आलं. काय चुकतंय?

उत्तर : रडण्यात काही चुकलं नाही. वाक्य चुकलं आणि मात्रा जास्त झाली. आग कोंडलेल्या खोलीचं दार एकदम उघडलं, की हवा आत घुसते आणि ज्वाळा बाहेर झेपावतात. स्वतःला कायम फटकारत आलेल्या मनाला अचानक माया मिळाली, की दडपलेलं दुःख तसंच उसळतं. आत्मकरुणेचे, म्हणजे स्वतःशी मायेने वागण्याचे, प्रशिक्षण देणारे क्रिस्टिन नेफ आणि ख्रिस्तोफर गर्मर यांनी या उसळीसाठी अग्निशमन दलाचाच शब्द उचलला आहे, ‘बॅकड्राफ्ट’.

अशा वेळी सराव रेटू नका. डोळे उघडे ठेवा, तळपाय जमिनीवर टेकवा आणि टाच, चवडा, बोटं कुठे किती दाबली जाताहेत, ते एक-दोन मिनिटं बघा. शांत वाटलं तर पुढे जा, नाहीतर त्या दिवसापुरतं थांबा.

आता वाक्य. ‘मी छान आहे’ म्हटलं, की मन लगेच उलटे पुरावे काढून बसतं. म्हणून कौतुक नको, खरं असेल तेवढंच बोला. नेफ यांनी २००३ साली आत्मकरुणेची तीन अंगं मांडली : दुःखाची सजग जाणीव, ते माणसामात्राच्या वाट्याला येतं हे भान आणि स्वतःशी मायेची वागणूक. त्याच क्रमाने तीन वाक्यं जुळवा. ‘जुना फोटो दिसला आणि आत कळ आली. साथ सुटलेल्या कुणालाही असं होऊ शकतं. आता पाणी पिते आणि दहा मिनिटं पडते.’ तिसरं वाक्य कृतीचंच हवं, नाहीतर पहिल्या दोघांची पोपटपंची होते. आरशाची मुळीच गरज नाही.

राहिला धीर. ‘पुन्हा रडले’ हे मापच चुकीचं आहे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ साली वियोगदुःखाबद्दल मांडलं, की माणूस दुःखाकडे आणि रोजच्या जगण्याकडे आलटून-पालटून जातो आणि हा झोकाच सावरण्याची रीत आहे. ते मृत्यूच्या संदर्भात होतं, पण तुटलेल्या नात्यालाही बरंचसं लागू पडतं. वहीत तारीख, निमित्त आणि पुन्हा कामाला लागायला किती वेळ गेला, एवढंच टिपा. चाळायची मात्र पंधरा दिवसांनी. रोज बघणं म्हणजे खपली उचकटून पाहणं. आधी अख्खा दिवस जायचा तिथे आता दोन तास जात असतील, तर गाडी रुळावर आहे. सलग दोन आठवडे जवळपास रोज, दिवसभर उदास वाटत असेल आणि झोप, भूक, काम बिघडलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी, कुणाला तरी सोबत घेऊन.

प्रश्न : स्वतःला इतकं सांभाळून घेतलं, तर मी आळशी नाही का होणार?

उत्तर : उलट घडतं. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ सालच्या प्रयोगात, परीक्षेत कमी पडल्यावर स्वतःकडे करुणेने पाहायला सांगितलेल्यांनी फेरपरीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यास केला. ‘जाऊ दे, आज नको’ ही करुणा नव्हे, टाळाटाळ आहे. ‘आज जमलं नाही, दमलोय, उद्या निम्मंच करेन’ ही करुणा.

प्रश्न : मनातलं लिहून काढतो, पण नंतर झोपच उडते.

उत्तर : रात्री लिहीत असणार! मनातलं लिहून काढण्याच्या, मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या पद्धतीत १५ ते २० मिनिटं, सलग तीन-चार दिवस लिहायचं असतं, आणि लिहून झाल्यावर काही वेळ मन जड होणं अपेक्षितच असतं. म्हणून संध्याकाळच्या आत लिहा, गजर लावा, नंतर अर्धा तास हातांचं काही काम ठेवा. तेच वाक्य तिसऱ्यांदा उमटलं, तर ते लिहिणं नव्हे, उगाळणं झालं. तिथे पेन खाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच प्रसंगातल्या दुसऱ्या माणसाच्या जागेवरून सुरुवात करा.