पागोळ्यांचं पाणी फ्लशला

मागच्या अंकात गच्चीवरचं पाणी गटारात सोडू नका, घरात वापरा असं दोन ओळींत लिहिलं होतं, तर त्यावर एवढे प्रश्न आले की गळके नळ आणि तुंबलेली सिंक सगळी पुढच्या महिन्यावर ढकललीत. यातले पाच घेतोय.

*नमस्कार सर, पुण्यात हडपसरच्या पुढे आमचं स्वतंत्र घर आहे, गच्ची हजार-अकराशे स्क्वेअर फूट, घरात चौघं. पावसाचं पाणी वर्षभर संडासला पुरेल एवढी अंडरग्राउंड टाकी बांधू असं ह्यांचं म्हणणं आहे, काँट्रॅक्टर पण तयार आहे. किती लिटरची बांधावी?*

ताई, काँट्रॅक्टर तयार असणारच! आधी कागद घ्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी, एवढंच सूत्र लक्षात ठेवायचं. तुमची गच्ची १०० चौरस मीटर धरू, पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण ७०० मिमी, म्हणजे झाले ७० हजार लिटर, त्यातला पाचवा भाग वाळण्यात, सांडण्यात आणि सुरुवातीला गच्ची धुण्यात जातो, हाताशी उरतात ५६ हजार. आता खर्च बघा. सरकारी मानकात फ्लशला माणशी रोज ४५ लिटर धरतात, चौघांचे १८०. पावसाळ्याच्या चार महिन्यांना २२ हजार आणि उरलेल्या आठ महिन्यांना जवळजवळ ४४ हजार. म्हणजे बेरीज ६६ हजार आणि पाऊस देणार ५६, इथेच गणित फसलं. शिवाय ते ४४ हजार साठवायला पाच मीटर लांब, तीन रुंद, तीन खोल हौद हवा, म्हणजे जमिनीखाली अख्खी बेडरूम, आणि ती भरणार वर्षातून एकदा.

माझं मत विचाराल तर पावसाची टाकी हे चालू खातं आहे, एफडी नाही. दोन हजार लिटरची काळी टाकी घ्या, चार महिने ती रोज वापरा आणि बाकी आठ महिने तिला झोपू द्या. फ्लशला १८० आणि टॉप लोड मशीनच्या एका धुण्याला शंभर-सव्वाशे, म्हणजे दिवसाला तीनशे. पुण्यात मधे चार-पाच दिवस उघडीप पडते ती दोन हजारात निभते, आणि ३० मिमीचा एक चांगला पाऊस झाला की वाया जाणारं धरूनसुद्धा २४०० लिटर येतात, टाकी परत काठोकाठ. सगळं नीट जमलं तर सीझनला पस्तीस हजाराच्या आसपास लिटर वाचतात. आणि हो, फ्लशची टाकी जुनी दहा-बारा लिटरची असेल तर आधी ती बदला, ३/६ लिटरची दोन बटणांची बसवा, त्याने पाणी नुसतं पावसाळ्यात नाही, वर्षभर वाचतं.

टाकी कुठे ठेवायची हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण तिथेच बहुतेकांचं अडतं. पाणी पडतं गच्चीवर आणि आपली ओव्हरहेड टाकी असते गच्चीच्याही वर, मग ते तिथे आपोआप चढणार कसं? एक तर टाकी खाली ठेवून अर्ध्या एचपीच्या पंपाने वरच्या वेगळ्या छोट्या टाकीत चढवायचं, नाहीतर दोन मजली घर असेल तर टाकी मागच्या बाजूला उंच चौथऱ्यावर बसवून तळमजल्याचा संडास नुसत्या उतारावर चालवायचा, फ्लशच्या टाकीला फार प्रेशर लागत नाही (भिंतीतला दाबायचा फ्लश व्हॉल्व्ह असेल तर मात्र लागतं). बाल्कनीत वगैरे ठेवू नका, दोन हजार लिटर म्हणजे दोन टन वजन.

*प्लंबर म्हणतो वेगळी पाइपलाइन कशाला, आहे त्याच लाइनला पावसाची टाकी जोडू, मधे एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) टाकला की काम झालं. बरोबर आहे का? – नाशिक*

नाही, नाही आणि नाही. एनआरव्हीमधे एक बारीक खडा किंवा पानाचा देठ अडकला की तो नुसता पाइपाचा तुकडा होतो. दादा, हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, आमच्याच घरी एका प्लंबरने असंच करून दिलं होतं आणि मीही आळसाने हो म्हटलं, ऑगस्टमधे एका सकाळी पाणी गेलं होतं, लाइन रिकामी, आणि आईने स्वयंपाकघरातला नळ सोडला तर चहासारखं पिवळट पाणी, वास कबुतरांचा. कॉर्पोरेशनच्या लाइनमधलं प्रेशर गेलं की ती उलटी ओढते, आणि मग प्रश्न फक्त आपल्या घराचा राहत नाही, शेजाऱ्यांच्या घरीसुद्धा आपल्या गच्चीचं पाणी जाऊ शकतं.

पावसाची लाइन पहिल्या इंचापासून वेगळी हवी. पाइपाला हिरवा पट्टा मारा, म्हणजे दहा वर्षांनी दुसरा प्लंबर आला तरी त्याला कळेल. टाकी आटली तर नळाचं पाणी घ्यायची सोय ठेवायचीच, पण ती वरून, हवेतून: नळाचा पाइप टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा किमान चार बोटं वर संपला पाहिजे, पाणी मोकळं खाली पडलं पाहिजे, तोंड कधीच बुडता कामा नये. बॉल व्हॉल्व्हचा फक्त चेंडू खालच्या पातळीला लोंबता ठेवा, नाहीतर ती टाकी नळानेच भरलेली राहील आणि पाऊस आपला ओव्हरफ्लोमधून गटारात, हेही मी दोन-तीन घरी बघितलंय.

*संगमेश्वरजवळ आमचं कौलारू घर आहे. पाऊस धो धो, पन्हळी आधीपासून आहेत. पागोळ्यांचं पाणी वॉशिंग मशीनला घेतलं तर कपड्यांना डाग पडतील का?*

काकू, तुमच्याकडे पाण्याला तोटा नाही, तोटा आहे तो स्वच्छतेला. कौलांवर शेवाळ, वर आंब्याफणसाची पानं, आणि पानं कुजली की पाणी चहाच्या रंगाचं होतं, पांढऱ्या बनियनला तो रंग बसतो. मे महिन्यात कौलं शाकारून घेता तेव्हाच पन्हळी झाडून घ्या, पन्हळीच्या तोंडाला जाळी लावा, आणि वळवाचा पहिला पाऊस अजिबात धरू नका, त्यात वर्षाची धूळ असते. त्यानंतरही दोन दिवस ऊन पडून पुन्हा पाऊस आला की दर चौरस मीटरमागे पहिला एक-दोन लिटर सोडून द्यायचा. त्यासाठी पन्हळीच्या उतरत्या पाइपाला एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकून बाजूला ड्रम ठेवतात, पहिलं घाण पाणी आधी ड्रम भरतं, तो भरला की पुढचं टाकीकडे वळतं, आणि ड्रमच्या बुडाला बारीक भोक ठेवलं की तो हळूहळू रिकामा होऊन पुढच्या पावसाला तयार. चार इंची पाइपात मीटरला जेमतेम आठ लिटर मावतात, त्यामुळे दोन फुटी पाइपाचा तुकडा लावून 'फर्स्ट फ्लश' (पहिलं घाण पाणी वेगळं काढायची सोय) म्हणून कोणी विकत असेल तर हसून सोडून द्या.

मशीनला पाणी टाकीच्या तळातून घेऊ नका, वीतभर वरून घ्या, आणि मशीनच्या आधी एक जाळीचा फिल्टर लावा. पावसाचं पाणी मऊ असतं, क्षार जवळजवळ नसतात, म्हणून पावडर निम्मी टाका, नेहमीएवढी टाकलीत तर फेस मशीनबाहेर येईल.

*आमची अंधेरीची सोसायटी, सात मजले, २८ फ्लॅट, गच्ची साधारण ४०० चौरस मीटर. सगळ्यांच्या फ्लशला पावसाचं पाणी द्यायचं तर नवीन पाइप टाकावे लागतील का? कमिटीत भांडणं चालू आहेत.*

भांडू नका, आधी गच्चीवर जाऊन टाक्या मोजा. मुंबईच्या बऱ्याच बिल्डिंगींत फ्लशिंगची टाकी आणि तिची लाइन आधीपासूनच वेगळी असते, बोअरचं किंवा टँकरचं पाणी तिथे जातं. तसं असेल तर घरात एक पाइप हलवायची गरज नाही, गच्चीचे पाइप जाळी लावून खालच्या फ्लशिंगच्या टाकीत सोडा, बाकी पंप तुमचा आहेच. २८ फ्लॅटची गरज दिवसाला पाच हजार लिटर आणि गच्चीवर १५ मिमी पाऊस झाला तरी तेवढं जवळजवळ भरून निघतं, आणि जुलैत असे दिवस किती असतात ते मी अंधेरीकरांना काय सांगू. वेगळी लाइन नसेल तर मात्र त्या भानगडीत पडू नका, सात मजले फोडण्यापेक्षा पाणी बोअरच्या रिचार्जला द्या.

*लातूरला बोअरचं पाणी इतकं जड की दोन वर्षांत गिझरची कॉइल जाते. पावसाचं पाणी गिझरला चालेल का?*

कॉइलचं म्हणाल तर एकदम खूश होईल, खवले धरणारच नाहीत. पण आंघोळीचं पाणी नाकातोंडात जातं आणि गच्चीवर कबुतरं असतात, त्यामुळे नीट फिल्टर आणि क्लोरीन केल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आणि ज्या गावाने २०१६ मधे मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलंय तिथे आधी फ्लशला जाणारं चांगलं पाणी वाचवणं जास्त पटतं. तेवढं करा, आणि टाकीच्या ओव्हरफ्लोला आणि हवेच्या पाइपाला मच्छरजाळी घट्ट बांधा, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.