थंडीचा आकडा आणि थंडीचा मार

अमेरिकेतल्या कडाक्याच्या हिवाळ्यांबद्दल बरीच पत्रं आली. काही नुसत्या कुतूहलाची, तर काही मुलं तिकडे असल्यामुळे काळजीने लिहिलेली. निवडक प्रश्न घेतो.

सर, अमेरिकेत आजवर सर्वांत कमी तापमान किती नोंदलं गेलं? (वाचक, नाशिक)

अलास्कातल्या प्रॉस्पेक्ट क्रीकला २३ जानेवारी १९७१ रोजी उणे ६२.२ अंश सेल्सिअस. अलास्का वगळलं तर माँटानातल्या रॉजर्स पासजवळ २० जानेवारी १९५४ ला उणे ५६.७. तिथल्या खाणवस्तीवरच्या निरीक्षकाच्या तापमापकाच्या खुणा उणे ६५ फॅरनहाइटलाच (म्हणजे सुमारे उणे ५४ सेल्सिअसला) संपत होत्या, आणि थंडी त्याच्याही खाली गेली होती! शेवटी उपकरण प्रयोगशाळेत तपासून आकडा ठरवला. पारा उणे ३९ अंशांच्या आसपास गोठतो, त्यामुळे अशा ठिकाणी अल्कोहोलचा तापमापक लागतो.

निरभ्र रात्र, पडलेला वारा, जमिनीवर बर्फ आणि उतारावरून खोलगटात साचणारी जड हवा, अशी सगळी जुळणी तिथे होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात ते याच प्रकाराने, फक्त फार सौम्य रूपात.

दोन मिनिटांत तापमान २७ अंशांनी वाढल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं. खरं आहे का? (वाचक, ठाणे)

खरं आहे. साउथ डकोटातलं स्पिअरफिश, २२ जानेवारी १९४३. सकाळी साडेसातला उणे २० आणि ७ वाजून ३२ मिनिटांनी अधिक ७. नऊपर्यंत १२ अंश झाले आणि मग २७ मिनिटांत पुन्हा उणे २०. खिडक्यांच्या काचांना तडे गेले.

हा चिनूक वाऱ्याचा खेळ. डोंगरावरून उतरणारी कोरडी हवा दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते. खाली थंड हवेचा पातळ थर बसलेला होता. परात हलवली की पाणी एका कडेला चढतं आणि ओसरतं, तसा तो थर गावावरून मागेपुढे होत राहिला.

१८८८ च्या वादळात इतकी शाळकरी मुलं का दगावली? (एक शिक्षिका, सातारा)

ताई, हा प्रश्न मलाही सोडत नाही. १२ जानेवारी १८८८, गुरुवार. कित्येक दिवसांच्या गारठ्यानंतर नेब्रास्का आणि डकोटाच्या माळरानावर त्या सकाळी चक्क ऊब होती. लोक शेतावर कामाला निघाले आणि मुलं जाड कोट न घालताच शाळेत गेली. नेब्रास्कात वादळ येऊन थडकलं ते दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला. बर्फ कापसासारखा भुरभुरणारा नव्हता, तर पिठासारखा बारीक होता. तो नाकाडोळ्यांत जायचा आणि पसरलेला हातही दिसेनासा व्हायचा. घराच्या दिशेने निघालेली मुलं माळावर वाट चुकली. एकूण मृतांचा आकडा साधारण २३५ सांगितला जातो.

हवामानाचं काम तेव्हा लष्कराच्या सिग्नल कोअरकडे होतं. इशारा निघाला तो उशिरा, आणि तारेने निघालेला इशारा माळावरच्या एकट्या घरापर्यंत पोहोचणार कसा? एका मातीच्या शाळेचं छप्पर उडालं, तेव्हा मिनी फ्रीमन नावाच्या तरुण शिक्षिकेने सगळ्या मुलांना वादळातून चालवत सुखरूप आसऱ्याला नेलं. त्यातलं एकही मूल दगावलं नाही. मला रॉजर्स पासच्या आकड्यापेक्षा ही सकाळ जास्त भयंकर वाटते, कारण थंडीने तिथे बेसावध गाठलं.

माझी बहीण डॅलसला असते. २०२१ मध्ये तिथे एवढा हाहाकार का झाला? (वाचक, पुणे)

१६ फेब्रुवारीला डॅलस परिसरात उणे १९ होतं. मिनेसोटात एवढ्या थंडीत शाळा भरतात. पण टेक्सासमधल्या गॅसविहिरी, वाहिन्या आणि वीजकेंद्रं या गारठ्यासाठी बांधलेलीच नव्हती. त्यात राज्याचं वीजजाळं शेजाऱ्यांपासून बरंचसं अलग, त्यामुळे बाहेरून पुरेशी वीज आणता येईना. सरकारी मोजणीनुसार २४६ जण गेले. काहींचा जीव थंडीने घेतला, काहींचा बंद घरात ऊब मिळवताना साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने.

मुलगा बफेलोला शिकायला गेलाय. तिथे बर्फात गाड्या अडकतात म्हणे. त्याला काय सांगू? (एक आई, कोल्हापूर)

बफेलो ईरी सरोवराच्या काठी आहे. सरोवर गोठलेलं नसलं की त्याच्या पाण्यावरून येणारी थंड हवा वाफ उचलते आणि काठावर बर्फ ओतते. गोठल्यावरही सुटका नाही. जानेवारी १९७७ मध्ये नवा बर्फ जेमतेम ३० सेंटिमीटर पडला होता, पण सरोवरावर साठलेला सुटा बर्फ वाऱ्याने शहरावर आणून टाकला आणि घरं गाडली गेली.

त्याला सांगा, वादळाचा इशारा असेल तर गाडी काढूच नकोस. तरीही अडकलास तर गाडी सोडून चालत निघू नकोस. पांघरूण, पाणी आणि छोटं फावडं गाडीत कायम असू दे. इंजिन तासाला दहाच मिनिटं चालव, आणि चालवण्याआधी दर वेळी उतरून मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढ. नळी बुजली तर धूर आत येतो आणि झोप लागल्यासारखं वाटतं. खिडकी बोटभर उघडी ठेव.