नदीकाठच्या गावात 'बंदर' कुठून आलं?

विचारलंय असं की गाव नदीकाठचं, समुद्र तिथून कितीतरी मैल लांब, तरी गावाच्या एका टोकाला सगळे 'बंदर' म्हणतात, तर हा शब्द चुकून चिकटलाय का, आणि हा शब्द नव्हता तेव्हा लोक काय म्हणायचे.

चुकून अजिबात नाही. बंदराला समुद्र दिसावा लागत नाही, भरतीचं पाणी पोचावं लागतं, एवढंच. मुंबईच्या बाजूला उधाणाला पाणी 4-5 मीटर चढतं आणि ते खाडीतून नदीत कुठवर आत शिरतं हे बघितलं की सगळं कळतं. मचवा किंवा पडाव, म्हणजे मालाची होडी, भरतीबरोबर वर यायचा, ओहोटीला काठाच्या चिखलात टेकायचा, तेवढ्यात माल उतरवायचा-भरायचा आणि पुढच्या भरतीची वाट बघायची, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती लहान असते तेव्हा, पाणी कमी म्हणून भरलेलं गलबत आणायचंच नाही. जिथे हे जमतं ती शेवटची जागा म्हणजे बंदर, आणि तिथूनच पुढे बैलांचे तांडे घाट चढायचे. सावित्रीवरचं दासगाव, वाशिष्ठीवरचं चिपळूणजवळचं गोवळकोट, अर्जुनेवरचं राजापूर, सगळी याच जातीची. घोडबंदर तर नावातच आहे, उल्हास नदीच्या खाडीकाठी. आणि मुंबई-ठाण्याकडे बंदर म्हणजे अख्खं पोर्ट असंही नाही, नुसता माल उतरवायचा काठही बंदरच, म्हणून बोरीबंदर, रेतीबंदर.

आता शब्द. बंदर फारसी आहे (इराणातलं बंदर अब्बास आठवा), हिंदीतल्या माकडवाल्या बंदरशी त्याचा काही संबंध नाही, तो 'वानर'वरून आलाय. दर्यावरचे आपले बरेच शब्द असेच तिकडून आलेत, नाखवा हा फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी, आणि खलाशी, सुकाणू हे अरबीतून. म्हणजे गावाच्या नावात बंदर असेल तर नाव मध्ययुगातलं किंवा त्यानंतरचं, पण जागा त्याच्या हजार वर्षं आधीची असू शकते, आणि लोक नेमके इथेच फसतात, नावाचं वय तेच गावाचं वय समजतात.

कल्याणचंच घ्या. इ.स. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात ते 'कल्लिएना' म्हणून आलंय, आणि तिथे लिहिलंय की आधी ही रीतसर बाजारपेठ होती पण नंतर इतकी अडवाअडवी सुरू झाली की चुकून आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. भडोचही नदीवरचंच, नर्मदेवरचं, आणि तिथले राजाच्या नोकरीतले कोळी होड्या घेऊन मुखाच्याही बाहेर किनाऱ्याने पुढे जायचे आणि परक्या जहाजांना वाळूच्या दांड्यांतून वाट दाखवत आत आणायचे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचे दानलेख आहेत, आणि तिथला माल नाणेघाटाने जुन्नरला चढायचा. पुढे 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याचं आरमार याच खाडीत सुरू झालं. म्हणजे फारसी बंदर हा शब्द यायचा होता तेव्हाही बंदर होतंच.

मग तेव्हा काय म्हणायचे? पट्टण किंवा पत्तन. जुवारी नदीवरची गोव्याच्या कदंब राजांची राजधानी गोपकपट्टण, म्हणजे आताचं गोवा वेल्हा, हे सगळ्यात छान उदाहरण. पण पाटण दिसलं की लगेच बंदर समजू नका, जुन्या ग्रंथांत जलपत्तन आणि स्थलपत्तन असे दोन्ही आहेत, साताऱ्याकडचं कोयनाकाठचं पाटण काही बंदर नव्हतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा शब्द मात्र 'द्रोणमुख'. जैन टीकाकार सांगतात की जिथे जलमार्ग आणि खुष्कीचा मार्ग दोन्हीने जाता येतं ते द्रोणमुख, आणि उदाहरणं देतात भरुकच्छ म्हणजे भडोच आणि बंगालमधली ताम्रलिप्ती, दोन्ही नदीवरची! नदीकाठच्या बंदराला इतका नेमका शब्द आपल्याकडे होता आणि आपण तो टाकून दिला याचं फार वाईट वाटतं. (कौटिल्याकडे हाच शब्द 400 गावांच्या मधल्या ठाण्यासाठी आहे, तो अर्थ वेगळा.) द्रोणी म्हणजे लाकूड कोरून केलेली नाव किंवा कुंडी, त्याचीच मराठीत डोणी झाली, गुरांना पाणी पाजायची डोण पण त्याच घरातली.

आणि एक अगदी साधा शब्द राहिलाच, 'तर'. नदी ओलांडायला होडी जिथे लागते ती 'तर', तारू म्हणजे जहाज पण त्याच 'तरणे'वाला. तेव्हा गावात विचारताना बंदर कुठे हे विचाराच पण 'तर' कुठे होती हेही विचारा, कारण तरीची जागा आणि बंदराची जागा वेगळी निघाली तर माल कुठे उतरायचा आणि माणसं कुठे ओलांडायची हे दोन्ही कळेल, आणि हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत, त्यामुळे लवकर विचारा.