अल्टरनेटर वीज कशी तयार करतो?

प्रश्न : गाडीतला अल्टरनेटर वीज कशी निर्माण करतो आणि जुना डायनामो मागे का पडला?

उत्तर : दोन्हींचे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेलेच आहे : तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की तारेत विद्युतदाब उत्पन्न होतो. अल्टरनेटरमध्ये इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा रोटर हाच विद्युतचुंबक असतो. गुळगुळीत कड्यांवर टेकलेल्या कार्बन ब्रशांतून त्याला जेमतेम काही अँपिअर प्रवाह मिळतो आणि भोवतालच्या स्थिर स्टेटरच्या तीन गुंडाळ्यांत त्याहून कितीतरी मोठा प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह तयार होतो. बॅटरीला तो चालत नसल्यामुळे डायोडांकरवी, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांकरवी, एकदिश करून घ्यावा लागतो. रेग्युलेटर रोटरचा प्रवाह कमी-जास्त करून १२ व्होल्टच्या गाडीत सुमारे १४ व्होल्टचा दाब राखतो.

डायनामोत मात्र सगळा प्रवाह फिरत्या भागातून, कॉम्युटेटरच्या (प्रवाह एकदिश करणाऱ्या, तुकड्यातुकड्यांच्या फिरत्या कड्याच्या) तुकड्यांवरून बाहेर काढावा लागे. तेथे ठिणग्या उडत, ब्रश लवकर झिजत आणि इंजिन मंद चालत असताना बॅटरीच्या वाट्याला फारसे काही येत नसे. माझ्या मते खरी उणीव हीच होती. अल्टरनेटरलाही एक पथ्य आहेच : बॅटरी अगदीच उतरलेली असेल, तर रोटरला चुंबकत्व देणारा प्रवाह मिळत नाही आणि गाडी ढकलूनही बहुधा सुरू होत नाही.